लाल शेरा आणि जांभूळटोल्याची शाळा

मास्तरकीत पस्तीस वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. एक खडूची धूळ आणि दुसरे किस्से! धूळ निदान धुतल्यावर जाते. किस्स्यांचं तसं नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, आणि तो संपेस्तोवर तिसरा दारात उभा!

परवा शेजारचे तरुण मास्तर नव्या योजनेच्या नावानं खडे फोडत आले. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या. नवी योजना आमच्याही वेळी आली होती." चहा तीनदा झाला आणि मास्तर घरी जायचं विसरले. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात विखुरलेल्या नऊ शाळा मिळून आमचं एक केंद्र. सगळ्या शाळा एकशिक्षकी. म्हणजे हेडमास्तर, मास्तर, चपराशी आणि झाडूवाला हा एकच माणूस, आणि तो तापानं पडला की चौघंही रजेवर! महिन्यातून एकदा आम्ही नऊ जण केंद्रसभेला जमायचो. आलेलं सर्क्युलर मोठ्यानं वाचायचं, खाली 'चर्चा झाली' असं लिहायचं, आणि मग खरी चर्चा सुरू करायची.

आमच्यात सगळ्यांत वडील दादाजी निकुरे गुरुजी. ढिवराच्या घरचे, बाप तलावात जाळं टाकायचा. जांभूळटोला नावाच्या एकाच गावात, एकाच शाळेत एकोणीस वर्षं. दुसरे सिडाम गुरुजी, गोंड घरातले. पोरांची भाषा घरून येत होती असे आमच्यात ते एकटेच. आणि तिसरा मी. ब्रह्मपुरीकडचा, नवा, ट्रेनिंगचा कागद खिशात घेऊन आलेला आणि त्या कागदाचा फार अभिमान असलेला.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी चैत्रात नवे इन्स्पेक्टर बोधनकर साहेब न कळवता जांभूळटोल्याच्या शाळेवर गेले. पटावर सव्वीस पोरं, हजर चार! साहेबांनी शेरेबुकात लाल शाईनं लिहिलं, "पुढील चैत्रात पुन्हा भेट देईन. हीच स्थिती आढळल्यास शाळा बंद करण्याची शिफारस करावी लागेल."

बाकीची बावीस पोरं कुठं होती? मोह वेचायला! चैत्रात मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. मोठी माणसं आतल्या रानातल्या झाडांवर जातात, गावाजवळची झाडं पोरांकडे. फुलं वेचून वाळवली की ती पावसाळाभर खायला होतात. जरा नजर हलली की गुरं येऊन फस्त करतात. आणि आमच्या खात्यानं काय केलेलं? पोरांना उन्हाचा त्रास नको म्हणून होळीपासून सकाळची शाळा! सात ते दहा. म्हणजे मोह गळायची नेमकी तीच वेळ!

निकुरे गुरुजींनी अर्ज केला की एक महिना आम्हाला दुपारची शाळा द्या. उत्तर आलं, "सकाळची शाळा मुलांच्या हितासाठी आहे." गुरुजींनी ते वाचलं, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "हित तर हाय. पर या हिताले मोहाचं झाड माईत नाई."

वरून हसले, पण आतून माणूस हलला होता. जवळची दुसरी शाळा नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात ती नदी कोणाला उतरू देत नाही. शाळा बंद म्हणजे सव्वीस पोरांचं शिकणं बंद. पुढचं सगळं ऐकताना तेवढा लाल शेरा ध्यानात ठेवा.

* * *

नव्या योजनेत टकळी होती. प्रत्येक पोरानं सूत कातायचं आणि शाळेनं दर महिन्याला सुताच्या लड्या हेडक्वार्टरला पाठवायच्या. हातानं काम करत शिकायचं, ही कल्पना चांगलीच होती, मी आजही तिला नावं ठेवत नाही. अडचण एवढीच की आमच्या रानात कापूस पिकत नाही! कातायचे कापसाचे पेळू बसनं यायचे, बस बंद पडली की बैलगाडीनं, आणि पाऊस लागला की भिजून गोळा होऊन.

आम्हाला टकळी शिकवायला एका महिन्याचं ट्रेनिंग झालं. आम्ही आठ जण दोरा तोडत बसलेले आणि निकुरे गुरुजींच्या हातात टकळी अशी फिरे की शिकवणारे पाहत राहिले. त्यांनी विचारलं, "गुरुजी, आधी कुठं शिकलात?"

"शिकलो कुठी जी! आमच्या घरी पाळण्यातल्या लेकराच्या हातातबी दोराच असते."

गुरुजींनी पोरांकडून भरपूर सूत कातून घेतलं. पोरांचं सूत कच्चं असतं, म्हणून त्याला दुहेरी पीळ दिला. त्याचं पोरांकडूनच जाळं विणून घेतलं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्कं केलं. सगळ्या शाळेनं तळ्यावर जाऊन मासे धरले, घरोघर वाटले, आणि महिना संपल्यावर गुरुजींनी ते जाळं लड्यांऐवजी हेडक्वार्टरला पाठवून दिलं!

उत्तर आलं, "लड्या पाठवाव्यात. वस्तू पाठवू नये."

गुरुजींनी लिहिलं, "चूक मान्य. जाळे परत मिळावे. तळ्यातले मासे वाट पाहत आहेत."

तीन महिन्यांनी एक चपराशी जाळं घेऊन आला. गुरुजींनी ते उन्हात पसरलं, वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोन्ता मासा गावला जी?"

जाळ्याला ताजे खवले चिकटलेले होते!

* * *

आता माझीच फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता दुसऱ्यांची उडवतो.

पहिल्या महिन्यात माझ्या वर्गातली पोरं इतकी गप्प बसत की काय सांगू! कोणी चकार शब्द काढत नसे. मी बोलत राही, ती मोठ्या डोळ्यांनी बघत राहत. मला वाटलं, ट्रेनिंगचा प्रभाव! मासिक रिपोर्टात मी झोकात लिहिलं, "मुले अत्यंत शांत व शिस्तप्रिय आहेत. अध्यापनात पूर्ण तल्लीन होतात."

केंद्रसभेत तो रिपोर्ट मी वाचून दाखवला. सिडाम गुरुजींनी पानाला चुना लावता लावता मान वर केली.

"गुरुजी, तुमी गोंडी बोलता काय?"

"नाही."

"लेकरं मराठी बोलतात काय?"

मी गप्प. अत्यंत शांत व शिस्तप्रिय!

परत गेलो तो दुसऱ्या दिवशी पाण्याचा लोटा टेबलावर ठेवला आणि पोरांकडे नुसतं पाहिलं. बऱ्याच वेळानं एक चिमुरडी म्हणाली, "येर." मी फळ्यावर लिहिलं, येर. खाली लिहिलं, पाणी. त्या दिवसापासून सकाळी मी त्यांना शिकवायचो आणि दुपारी ती मला. माझी दर शनिवारी परीक्षा होई. चुकलो की सगळा वर्ग खदखदून हसे आणि मला तोच शब्द पाच वेळा म्हणायला लावी. शिस्त पार बिघडली! पण मी खरा मास्तर झालो तो त्या शनिवारांमुळे, हे आज उघड सांगायला मला लाज वाटत नाही.

* * *

बदली होऊन येणाऱ्यांची तऱ्हा वेगळीच. पुढे काही वर्षांनी आमच्या केंद्रातली एक जागा रिकामी झाली आणि शहरातून नवे मास्तर आले. इस्त्रीचं धोतर, नवी ट्रंक, हातात छत्री. बैलगाडी दिवसभर जंगलातून चालली. शाळा दिसली तशी त्यांनी गाडीतूनच तिच्याकडे पाहिलं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, दारात एक बकरी.

"गाडीवान, परतीची गाडी केव्हा असते?"

"हेच व्हय जी."

मास्तरांनी एक पाय खाली सोडला होता, तो परत वर घेतला! ट्रंक तर उतरलीच नाही.

गाडीवाल्याचं मात्र आम्हाला नवल वाटलं. त्यानं बैल सोडलेच नव्हते. आम्ही विचारलं तर म्हणाला, "छत्री पाहूनच समजलो."

* * *

शाळेच्या बागेचा किस्सा अगदी छोटा आहे. योजनेत बागकाम होतं. वांगी, भेंडी, भोपळा. निकुरे गुरुजींच्या पोरांनी कुंपण घातलं, वाफे केले, घागरीनं पाणी घातलं. वेल जोरात वाढले. एके दिवशी सकाळी येऊन पाहतात तर बागेत वेलाचा तुकडासुद्धा नाही, माती नांगरल्यासारखी उकरलेली.

मासिक रिपोर्टात एक रकाना होता, 'बागेच्या उत्पन्नाचा उपयोग कोणी घेतला?' आमच्यापैकी दुसरा कोणी असता तर 'विद्यार्थी' लिहून मोकळा झाला असता. गुरुजींनी लिहिलं, "रानडुकरांनी. समाधानी दिसले."

* * *

बोधनकर साहेब वाईट नव्हते हं! उगाच गैरसमज नको. तिशीच्या आतले, सडसडीत, डोक्यावर सोला हॅट, पायात जाड बूट. बस जिथं थांबेल तिथून पायी चालत येणारे इन्स्पेक्टर मी तोवर पाहिले नव्हते. कोणाच्या घरचं कोंबडं खायचे नाहीत, खोट्या हजेऱ्या चालवून घ्यायचे नाहीत. नव्या योजनेवर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यामुळेच त्यांची भीती वाटायची. लबाड साहेबाला कसंही गुंडाळता येतं, प्रामाणिक साहेबाचं काय करायचं?

पावसाळ्यानंतर ते सिडाम गुरुजींच्या शाळेवर गेले, तेव्हा मीही तिथं होतो. साहेबांनी वाचनमाला उघडून चित्र दाखवलं. "हा कोण?"

पोरं चित्राकडे पाहतात, एकमेकांकडे पाहतात, पण बोलत नाहीत.

"वाघ ओळखता येत नाही? गुरुजी, काय शिकवता तुम्ही?"

सिडाम गुरुजींनी पोरांना गोंडीत विचारलं. मग जी चर्चा पेटली म्हणता! एक पोर उठून चार पायांवर चालून दाखवतं, दुसरं त्याचा पाय धरून सरळ करतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, तोंड वाघाचं हाय म्हनतात. पर मागचे पाय वाघाचे नाईत. असा पाय टाकला तर वाघ पडन."

साहेबांनी चित्र जवळ घेऊन पाहिलं. मग पुस्तकातला प्रश्न विचारला, "वाघ दिसला तर तुम्ही काय कराल?" पुस्तकातलं उत्तर होतं, 'घाबरून पळू.'

थोडं मराठी येणारी एक मुलगी उभी राहिली. "बाजूले सरून उबी राहीन. त्यालेबी कामं असतात."

पुढचा धडा जहाजाचा. तो मात्र पोरांनी धडाधड म्हणून दाखवला. शीड, सुकाणू, नांगर, सगळं पाठ! साहेब खूश झाले. "वा! हा धडा उत्तम शिकवलात गुरुजी. समुद्र पाहिलाय का तुम्ही?"

"नाई जी," सिडाम गुरुजी म्हणाले. "ना म्या पाह्यला, ना लेकरांनी. म्हनून तर कोनी चूक काढली नाई."

साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले. पण वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. त्यामुळे आम्ही हसावं की नाही, ते आम्हाला कळेना.

* * *

दिवाळीनंतर एक छापील फॉर्म आला. कामाविषयी शिक्षकांना काय वाटतं, नव्या योजनेविषयी त्यांचं मत काय, हे वरच्या लोकांना जाणून घ्यायचं होतं. आम्हाला कोणी काही विचारल्याची ही पहिलीच वेळ! केंद्रसभेत साहेब स्वतः फॉर्म भरून घ्यायला बसले.

'शिक्षकी व्यवसायाकडे आपण का वळलात?' मी अर्धं पान भरलं. राष्ट्र, नवी पिढी, ज्ञानदान, काही म्हणून सोडलं नाही. सिडाम गुरुजींनी लिहिलं, "गावात वाचता येणारे दुसरे कोणी नव्हते."

'कामातील मुख्य अडचण कोणती?' एकानं लिहिलं, "नदी." त्याच्या शेजाऱ्यानं लिहिलं, "नदी उतरल्यावर एकदम येणारी सर्क्युलरे."

'नव्या योजनेबद्दल आपले मत?' निकुरे गुरुजींनी लिहिलं, "मागची योजना अजून आमच्या गावी पोचायची आहे. ती आली की दोन्हींबद्दल एकदमच कळवतो."

साहेब एकेक फॉर्म तपासून घेत होते. निकुरे गुरुजींच्या फॉर्मवर थांबले. शेवटचा प्रश्न होता, 'आपणास बदली हवी आहे काय?' त्यापुढची जागा मोकळी.

"गुरुजी, हे कोरं का सोडलंत?"

"विचार करून राह्यलो जी."

"केव्हापासून?"

"एकोनीस वर्षं झाले."

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यात ठेवला नाही, घडी करून कोटाच्या खिशात घातला. मला माझ्या अर्ध्या पानाची त्या दिवशी फार लाज वाटली. पण फॉर्म शाईनं भरलेला होता, खोडता आला नाही.

* * *

आणि मग चैत्र आला.

साहेबांचं पत्र आधीच आलं होतं. या महिन्याची केंद्रसभा जांभूळटोल्याला भरेल. केंद्रातल्या सर्व शिक्षकांनी हजर राहावं. सकाळी ठीक सात वाजता, शाळेच्या छपराखाली बसलेली मुलं मोजली जातील. बाहेरची मोजली जाणार नाहीत. साहेबांनी दिलेला शब्द पाळला होता. वर्षाआधी लिहिलेलं ते विसरले नव्हते.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही आठ जण जांभूळटोल्याला पोचलो. निकुरे गुरुजी घरोघर फिरत होते. मीही सोबत गेलो. कोणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांना गुरुजी हवे होते, शाळाही हवी होती. एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला पाटावर बसवलं. तिची नात सोमी पहिलीत होती.

"गुरुजी, तुमचं खरं हाय," बाई म्हणाली. "पर सोमी शाळेत बसली तर झाड कोन राखन? म्या आतल्या रानात जातो. गाय येऊन समदं खाऊन जाईन. मंग पावसाळ्यात लेकराले काय देऊ?"

गुरुजींनी मान हलवली. हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. उठताना म्हणाले, "नाई बाई, पाठवा असं म्या म्हनतच नाई. फक्त सांगाले आलो."

शाळेच्या ओट्यावर येऊन ते बसले. तुटलेलं जाळं मांडीवर घेतलं आणि गाठी मारू लागले. मी त्यांना एकदाच इतकं खचलेलं पाहिलं. बोलताना वर पाहत नव्हते. "एकोनीस वर्षांत या गावातून चौदा पोरं चौथी पास झाले," ते म्हणाले. "म्या मोजत नोतो. आज बसून मोजले."

 सिडाम गुरुजींनी विचारलं, "दादाजी, गावाजवळचे मोह किती हायेत?"

"दहा असतीन. काऊन?"

सिडाम गुरुजींनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. बोटानं मोजलं. मग ओट्यावरून उठले आणि धोतराचा काचा घट्ट करत म्हणाले, "आपन नऊ हाओत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शाळेत काय झालं ते मी पाहिलं नाही. ते मला चौथीतल्या मैनीनं मागाहून सांगितलं.

बोधनकर साहेब बरोबर सातला शाळेत शिरले. रांगा करून पोरं बसलेली. तोंडं धुतलेली, केसांना तेल. साहेबांनी एकदा मोजली, पुन्हा मोजली. सव्वीस! मैनीनं उभी राहून हजेरी घेतली, एकही नाव रिकामं गेलं नाही. साहेबांचा चेहरा उजळला.

"शाब्बास! गुरुजी कुठं आहेत?"

"माह्या झाडाखाली."

"आणि बाकीचे गुरुजी?"

"ज्याच्या त्याच्या झाडाखाली."

साहेब बाहेर आले. तिथून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गावाच्या कडेनं मोहाची दहा झाडं, आणि त्यातल्या नवांच्या खाली पांढरी टोपी घातलेला एकेक मास्तर! कोणी वाकून फुलं वेचतोय, कोणी गाईमागे धावतोय, कोणी टोपली काखेत घेऊन कंबर धरून उभा. पहिलंच झाड माझं. दीड तास वाकून माझी पाठ मोडायला आली होती, आणि पोरं हे महिनाभर रोज करतात, एवढंच डोक्यात येत होतं. तेवढ्यात समोर साहेबांचे बूट दिसले.

"हे काय चाललंय?"

मी सरळ उभा राहिलो. तोंडाला येईल ते बोललो. "केंद्रसभा, साहेब!"

साहेब पुढं निघाले. पुढच्या झाडाखाली निकुरे गुरुजी होते. त्यांनी हात जोडले, पण मुठीत फुलं होती म्हणून हात नीट जुळेनात.

"साहेब, लेकरं सव्वीसच्या सव्वीस हजर हायेत. म्या गैरहजर हाव. तसंच लिवा. पर लेकरांचं खरं लिवा."

साहेबांच्या काखेत शेरेबुक होतं. त्यांनी ते उघडलं. खिशातलं पेन काढलं. आम्ही सगळे जिथं होतो तिथं थांबलो. सिडाम गुरुजींच्या झाडाखाली एक गाय तेवढ्यात बरीच फुलं खाऊन गेली, त्यांना भान नव्हतं.

साहेब बराच वेळ उघड्या पानाकडे बघत उभे राहिले. गेल्या चैत्राचं तेच पान, लाल शाईचं. मग त्यांनी मान वर केली. टोकाला दहावं झाड होतं, सोमीचं. शेजारच्या झाडावरून लक्ष ठेवतो असं आम्ही आजीला कबूल केलं होतं, पण आत्ता त्याच्याखाली कोणीच नव्हतं, आणि एक तांबडी गाय सावकाश तिकडे निघाली होती.

"अरे, अरे! हाट्!" साहेब ओरडले आणि धावले! हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून शेरेबुकच उगारून त्यांनी गाईला हाकललं. गाय गेली. साहेब धापा टाकत झाडाखाली उभे राहिले. वरून टपटप फुलं पडतच होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग शेरेबुक बुंध्याशी ठेवलं, डोक्यावरची हॅट काढून उलटी केली, आणि वाकून एकेक फूल तिच्यात टाकू लागले.

आम्ही कोणी जवळ गेलो नाही. जो तो आपापल्या झाडाखाली वाकला.

थोड्या वेळानं सोमीची आजी आतल्या रानातून भरलेली टोपली डोक्यावर घेऊन आली. आपल्या झाडाखाली वाकलेला, कोट घातलेला माणूस पाहून ती थबकली. मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं.

"अगा भाऊ, जोडे काढ नं! फुलं तुडवून राह्यला!"

साहेब दचकले. लगबगीनं खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि बूट लांब ठेवून अनवाणी उभे राहिले. आजीनं हॅटीत डोकावून पाहिलं. काम बरं चाललेलं दिसलं असावं, कारण तिचा आवाज जरा खाली आला.

"नवा दिसतेस. कोन्त्या शाळेचा गुरुजी व्हय तू?"

साहेबांनी शाळेकडे पाहिलं. आतून सव्वीस पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता.

"ह्याच शाळेचा, बाई."